आखूड बाजूचं पाणी

थोरली प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी पोचायची. कुलूप काढायचं, पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर टाकायची, फॅन लावायचा आणि मग मॉडेलच्या ट्रेकडे वळायचं, हा तिचा क्रम. तो तिने मुद्दाम ठरवला नव्हता. पण आजारी माणसाच्या खोलीत शिरताना ज्याचा हात कित्येक महिने सगळ्यांत आधी फॅनच्या बटणाकडे गेला, त्याचा हात इतर खोल्यांमध्ये वेगळं काही करेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. आईला दम लागायचा. फॅनच्या वाऱ्याने दम कमी होत नाही, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं आणि आईने ते मान्यही केलं होतं. "नसेल होत. लाव तू," एवढंच म्हणायची.

घरात ती एकुलती एक. तरी वडील तिला पाळण्यात असल्यापासून थोरली म्हणत. कुणी विचारलं तर सांगत, "नंतर कुणी आलंच असतं तर गोंधळ नको, म्हणून आधीच ठरवून टाकलं." नंतर कुणी आलं नाही, नाव मात्र चिकटलं. कॉलेजात ती ताई होती, कारण शेवटच्या वर्षाच्या वर्गात बाकीची सगळी तिच्यापेक्षा बरीच लहान होती. आईने अंथरूण धरलं तेव्हा तिने इंजिनियरिंगचं हे शेवटचं वर्ष अर्ध्यावर सोडलं होतं. आई गेल्यावर ती परत आली. कॉलेजने परत घेतलं, पण एक अट घालून. या वर्षी प्रकल्प मंजूर झाला नाही, तर नाव पटावरून कमी. खिडकीपलीकडच्या कारकुनाने ही अट, जाताना दार ओढून घ्या, इतक्या सहज सांगितली होती. तिनेही मान डोलावली आणि जाताना दार ओढून घेतलं.

आई असताना एकदा म्हणाली होती, "माझ्यामुळे राहिलं असं सांगत बसू नकोस कुणाला." म्हणून ती कुणाला सांगत नसे. "मध्ये खंड पडला," म्हणायची. लोकांना तेवढं पुरत असे.

प्रकल्प होता मरीनाचा. मरीना म्हणजे हौशी लोकांच्या होड्या उभ्या करायची जागा. गटातल्या लंबूच्या भाषेत, पाण्यातलं पार्किंग. ती पर्यावरणाला सोसेल अशी हवी, एवढी अट सरांनी वरून घातली होती. बाकीच्या गटांनी सोसेल याचा अर्थ छपरावर सौरऊर्जेच्या पाट्या आणि कडेने झाडं, असा लावला आणि ते मोकळे झाले. या तिघांनी जरा जास्तच मनावर घेतलं. तिघं म्हणजे थोरली, लंबू आणि बडबडी. लंबूला ते नाव उंचीमुळे पडलं होतं. बडबडीला का पडलं, ते ती स्वतःच भेटल्यापासून अर्ध्या मिनिटात पटवून द्यायची.

सरांनी दिलेल्या नकाशात एक छोटं आखात होतं आणि त्याच्या तळाशी एका बाजूला समुद्री गवताचा पट्टा. माशांची पिल्लं अशा गवतात वाढतात. सरळ चौकोनी मरीना काढली, की खोदकामात हे गवत गाळासकट उपसलं जाणार. तेव्हा मरीना वाकवायची कल्पना थोरलीने काढली. एक बाजू लांब, एक आखूड, दोन्ही काटकोनात, आणि कोपऱ्याच्या आडोशाला, बाहेर, गवत सुखरूप. होड्यांमधलं सांडपाणी ओढून घेणारा पंप, होड्या खरवडल्यावर निघणारा विषारी रंग अडवणारी टाकी, तळापर्यंत उजेड जाऊ देणारे जाळीचे तरंगते धक्के, हे सगळं बाकीच्या दोघांनी बसवलं. पण आकार तिचा होता. "ताईने मरीनाला कोपर दिलंय," असं लंबू येईल त्याला सांगायचा.

अशा आकाराला एक दुखणं असतं, हे तिला माहीत होतं. भरती-ओहोटीबरोबर मरीनातलं पाणी आत-बाहेर खेळायला हवं. कोपऱ्यातलं पाणी जागचं हललं नाही, तर ते शिळं होतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि एका सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसतात. आखूड बाजूत पाणी हलतं की नाही हे पाहण्यासाठीच तर त्यांनी मॉडेल केलं होतं. दोघांना उचलता येईल असा पत्र्याचा पसरट ट्रे. त्यात चिकणमातीचा तळ, मातीचाच बांध, आइस्क्रीमच्या काड्यांचे धक्के. ट्रेच्या टोकाला रबरी नळी आणि नळीचं दुसरं टोक एका बादलीच्या बुडाला. बादली सावकाश उचलली, की ट्रेमध्ये भरती. खाली ठेवली, की ओहोटी. बादलीचं काम लंबूकडे होतं. आखूड बाजूच्या टोकाला जांभळा रंग सोडायचा, बादली वर-खाली करत राहायची आणि रंग किती फिका होत गेला ते मोजायचं.

रंग फिका होत होता. छान होत होता. आखूड बाजूतून एक जांभळी शेपटी निघायची, कोपऱ्यावर वळायची आणि लांब बाजूने थेट मुखातून बाहेर पडायची, जणू तिला कुणी पत्ता सांगून ठेवलाय. सर एकदा जाता जाता डोकावले, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बरं चाललंय. जरा जास्तच बरं चाललंय." सरांचं बोलणं नेहमीच असं तिरकस, म्हणून तिघंही खूश झाली आणि आकडा अहवालात गेला.

परीक्षण सोमवारी होतं. शुक्रवारी दुपारी परीक्षकांना दाखवायचा व्हिडिओ काढायचा होता. बडबडीने मोबाइल स्टँडवर चढवला आणि वाकून बघितलं.

"हे काय लुकलुकतंय?" ती म्हणाली. "फॅनची सावली पडतेय पाण्यावर. भुताच्या पिक्चरसारखं दिसतंय. थांबा."

तिने जाऊन फॅन बंद केला. पाती गरगरत मंदावली, थांबली. थोरलीने रंग सोडला. लंबूने बादली उचलली, खाली ठेवली, उचलली, खाली ठेवली.

रंग तिथेच राहिला.

राहिला म्हणजे अगदी दगडासारखा नव्हे. भरतीला आखूड बाजूच्या टोकाकडे जरा सरकायचा, ओहोटीला जरा परत यायचा. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तेवढंच. शेपटी नाही, वळणं नाही, मुखाकडे जाणं नाही.

"बादली नीट उचल की रे," बडबडी म्हणाली.

"रोज उचलतो तशीच उचलतोय. तू रंग जास्त घट्ट केलास का?"

"रंग ताईने केलाय."

"मग नळीत हवा अडकली असेल."

नळीत हवा नव्हती. त्यांनी पाणी बदललं, पुन्हा सगळं केलं. पुन्हा तेच. थोरली हात पुसत उभी होती. तिने वर पाहिलं, मग भिंतीपाशी जाऊन बटण दाबलं. पाती फिरू लागली, पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या आणि पाहता पाहता आखूड बाजूतून जांभळी शेपटी निघाली. कोपऱ्यावर वळली. लांब बाजूने चालू लागली.

तिघंही ती मुखातून बाहेर पडेपर्यंत बघत राहिली.

"मेहनतीवर पाणी पडलं म्हणतात, ते हेच," लंबू म्हणाला.

"फॅन मी लावते," थोरली म्हणाली. "रोज. आल्या आल्या. तुमच्यापैकी कुणी कधी लावलाच नाहीये."

"अगं ताई, उकडतं म्हणून लावतेस. त्यात काय," बडबडी म्हणाली.

मी उकडतं म्हणून लावत नव्हते, हे थोरलीने सांगितलं नाही. थंडीच्या दिवसांतही लावत होते, हेही नाही. बाकी दोघांना ते आपलं आपण आठवलं, तर आठवलं.

लंबूने बादली स्टुलावर ठेवली आणि स्वतः तिच्याशेजारी टेकला. "हे बघा, फॅन लावून व्हिडिओ काढू. सावली पडणार नाही असा कोन बघू. आपण खोटं काय सांगतोय? समुद्रावर वारा नसतो का?"

"असतो," थोरली म्हणाली. "पण डोक्यावरून गोल गोल नसतो. आणि आपल्या सोयीने नसतो. ज्या आठवड्यांत वारा पडतो, पाणी तापतं, त्याच आठवड्यांत मासे मरतात. तेव्हा फॅन कोण लावणार?"

"परीक्षक हे विचारणार आहेत का?"

"नसतील विचारणार."

"मग?" लंबूचा आवाज वाईट नव्हता. तो खरोखरच विचारत होता. "ताई, आम्हाला कमी मार्क पडले तर पडले. आम्ही पुढच्या वेळेस परत देऊ. तुझं तसं नाहीये. तुझ्यासाठीच म्हणतोय मी."

हे खरं होतं. सोमवारच्या आत फक्त दोन दिवस. अहवाल छापलेला. आकडा देखणा. तिने ट्रेमध्ये बोट घातलं आणि आखूड बाजूच्या टोकाशी हलवलं. बोटाभोवती रंग फिरला, बोट काढल्यावर पुन्हा जागेवर बसला.

"सोमवारपर्यंत बघू काही जमतंय का," ती म्हणाली. "नाही जमलं, तर आहे ते सांगू. फॅनचा आकडा मी सांगणार नाही. तुम्हाला सांगायचा असेल तर सांगा, मी शेजारी उभी राहीन."

"म्हणजे सांगायची सोयच ठेवली नाहीस," बडबडी म्हणाली.

प्रयोगशाळा शनिवार-रविवारी परीक्षणाच्या मांडामांडीसाठी हवी होती. खुर्च्या घेऊन आलेल्या शिपायाने ट्रेकडे बघून विचारलं, हे तळं कुठे हलवायचं. तेव्हा बडबडीने तिच्या मामाला फोन केला, मामाने टेंपो आणला आणि मरीना थोरलीच्या घरी निघाली. तिचंच घर जवळ होतं आणि तळमजल्यावर होतं.

घरात मोकळी जमीन एकाच खोलीत होती, आईच्या. दवाखान्यातून भाड्याने आणलेला पलंग परत गेल्यापासून त्या खोलीत एक कपाट, औषधांचं टेबल आणि भिंतीला टेकवलेली खुर्ची एवढंच होतं. आणि वर फॅन. तो फॅन चालूच असायचा. आई गेली त्या दिवसापासून कुणी तो बंद केला नव्हता. सुरुवातीला बाबा म्हणाले, खोलीला औषधांचा वास येतो, जाऊ दे जरा. वास गेल्यावर म्हणाले, भिंतींना ओल येते. एकदा थोरलीने बटणापर्यंत हात नेला होता आणि काही काम आठवल्यासारखं करून ती बाहेर आली होती. वीज फुकट जाते, हे दोघांपैकी कुणी काढलं नाही. एरवी वापरात नसलेल्या खोलीत दिवा दिसला, तरी बाबा सगळं घर डोक्यावर घेत.

बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. शनिवारी सकाळी दोन मुलं आणि एक ट्रे दारात बघून त्यांनी आधी दाराची रुंदी बघितली, मग ट्रेची.

"आडवा नाही जायचा. तिरका करा. पाणी काढलंय ना?"

"काढलंय काका," लंबू म्हणाला. "समुद्र बादलीत आहे."

"मग समुद्र स्वयंपाकघरात ठेव, वाटेत नको. आणि तू वाक, बाळा, चौकट आमची आहे, डोकं तुझं आहे."

ट्रे आईच्या खोलीत आला. त्याच्याखाली वर्तमानपत्रं सरकवून तो सपाट केला, पाणी भरलं. फॅनखाली पाणी लगेच शहारलं. बडबडीने वर बघितलं, मग थोरलीकडे. काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्याबद्दल जे सांगितलं जातं त्यात ही गोष्ट कुणी धरत नाही.

"बाबा," थोरली म्हणाली, "फॅन बंद करावा लागेल."

बाबा दारात उभे होते. "किती वेळ?"

"दुपारभर तरी. वाऱ्याने पाणी हलतं. चुकीचं उत्तर येतं."

"असं." त्यांनी ट्रेकडे बघितलं. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. कॉलेजातला फॅन. तो मीच लावत होते."

बाबांनी मान हलवली. या घरात यापेक्षा जास्त सांगायची गरज नव्हती. ते आत आले आणि मुलीला ओलांडून भिंतीपाशी गेले. रेग्युलेटर एक एक घर मागे आणत, जसं मोठं यंत्र बंद करताना करतात तसं, त्यांनी फॅन बंद केला. पाती थांबायला बराच वेळ लागला. थांबल्यावर स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर ऐकू आली, मग शेजारच्यांचा नळ, मग रस्त्यावर कुणीतरी कुणाला गाडी पुढे घे म्हणत होतं ते. खोली एवढी लहान आहे हे थोरलीला बऱ्याच दिवसांनी कळलं.

"करा सुरू," बाबा म्हणाले.

बादली लंबूने उचलली, पण या खोलीत स्टूल बुटकं होतं आणि लंबूला अर्धवट वाकून उचलावी लागत होती. बादली हिसक्याने वर जायची आणि ट्रेमध्ये लाट उठायची. थोडा वेळ बाबांनी सहन केलं.

"आण इकडे. वर-खाली करण्यातच जन्म गेलाय माझा," ते म्हणाले. खुर्ची ओढून त्यांनी बादली मांडीपासून खांद्यापर्यंत नेली, इतकी संथ, की ती निघाली कधी आणि थांबली कधी ते कळू नये. "लिफ्टमध्ये म्हातारी बाई उभी आहे असं समजायचं. तिला कळता कामा नये."

"काका, भरती जरा हळू," बडबडी म्हणाली.

"भरती नाही, पहिला मजला."

रंग आखूड बाजूतच राहिला. अपेक्षितच होतं, तरी तिघांचे चेहरे उतरले. कोपरा गोल करून पाहिला, म्हणजे कोपऱ्यातली माती अंगठ्याने दाबून वळण दिलं. थोडा फरक पडला, समाधान होण्यासारखा नाही. मुख रुंद करून पाहिलं. लांब बाजू खूश झाली, आखूड बाजू जिथल्या तिथे. मध्येच बाबांनी चहा केला आणि बिस्किटं आणून ठेवली. लंबूने एक बिस्किट चुकून आखातात पाडलं आणि तळाशी त्याचा लगदा झाला. त्याला बडबडीने पर्यावरणाची हानी म्हटलं.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," चहा पिताना बडबडी म्हणाली. "आखूड बाजूला पण एक वाट ठेवा म्हणून. कुणी ऐकलं?"

"तू बांधच मोकळा सोडायला सांगत होतीस," थोरली म्हणाली. "लाटा आत आल्या असत्या. होड्या एकमेकींवर आपटल्या असत्या."

"म्हणजे ऐकलं होतंस. धन्य झाले."

थोरली कप हातात धरून ट्रेकडे बघत राहिली. लाटा वर असतात, वरच्या थरात. खाली, पाण्याच्या पातळीखाली, बांधातून आरपार पाइप टाकले तर? पाइपातून लाट शिरत नाही, पण भरतीचं पाणी शिरतं. मग आखूड बाजू कोपऱ्यावरून वळून येणाऱ्या पाण्याची वाट बघत बसणार नाही. तिचं पाणी थेट तिच्याकडे येईल. पुस्तकात हे होतं. तिने वाचलंही होतं. पण आपला आकडा चांगला येतोय म्हटल्यावर ते पान उलटून ती पुढे गेली होती.

तिने सांगितलं. बडबडीने पाइपाच्या मापाचं गणित कपाखालच्या वर्तमानपत्रावर मांडलं. मॉडेलमध्ये तो पाइप बोटापेक्षा बारीक यायला हवा होता.

"पेनाची नळी?" लंबू म्हणाला.

"फारच बारीक."

थोरलीला उत्तर माहीत होतं. ते त्याच खोलीत, औषधांच्या टेबलाच्या खालच्या खणात होतं, आणि तिला हेही माहीत होतं, की आई गेल्यापासून तो खण कुणी उघडलेला नाही. तिने बाबांकडे बघितलं.

"बाबा, त्या स्ट्रॉ आहेत का अजून?"

"आहेत की," बाबा म्हणाले. "टाकणार कोण?"

त्यांनी बादली खाली ठेवली आणि खण ओढला. मान वाकणाऱ्या स्ट्रॉचं पाकीट, निम्म्याहून कमी उरलेलं. आईला शेवटी शेवटी उठून बसता येत नसे, ती पडल्या पडल्या स्ट्रॉने पाणी प्यायची आणि वर म्हणायची, "मोठ्या हॉटेलात आल्यासारखं वाटतं." बाबांनी पाकीट मुलांसमोर धरलं. "किती लागतील?"

लंबूने दोन घेतल्या, बडबडीने मापावर कापल्या. वाकणारा भाग आधी कापून टाकावा लागला. थोरलीने ते तुकडे गोळा करून खिडकीत ठेवले, का ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि बांधाच्या मातीत पाण्याच्या पातळीखाली दोन भोकं पाडली.

पहिल्या खेपेला रंग पाइपांतून बाहेर पडला आणि सरळ गवताकडे गेला. गवत म्हणजे मॉडेलमध्ये हिरव्या लोकरीचा तुकडा होता, तो जांभळा झाला. ज्याला वाचवायला एवढं रामायण केलं त्याच्याच अंगावर घाण सोडली, असं बडबडी म्हणाली आणि कुणी हसलं नाही. त्यांनी पाइप उपटले, भोकं बुजवली आणि आखूड बाजूच्या दुसऱ्या भिंतीत, गवतापासून लांब, नवीन पाडली. लोकर धुऊन पुन्हा बसवली. बाबांनी बादली घेतली.

"पहिला मजला," ते म्हणाले.

भरतीला पाइपांतून स्वच्छ पाण्याची दोन बोटं आत शिरली आणि जांभळ्या रंगात घुसली. ओहोटीला थोडा रंग पाइपांतून गेला, थोडा कोपऱ्याकडे सरकला. देखणं काही नव्हतं. शेपटी वगैरे नव्हती. पण प्रत्येक वेळी बादली खाली आली, की आखूड बाजू मघापेक्षा जरा फिकी दिसायची. खोली बंद, उकाडा मी म्हणत होता, चौघांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि फॅन लावायला कुणी उठलं नाही. लंबूने नमुने काढले, बडबडीने मोजले. आकडा अहवालातल्या आकड्याच्या जवळपासही नव्हता. पण मासे जगतील एवढा होता, जेमतेम.

"जेमतेम," लंबू म्हणाला.

"जेमतेम," थोरली म्हणाली. "पण हा आपला आहे."

सोमवारी त्यांनी दोन्ही व्हिडिओ दाखवले, फॅनचा आणि बिनफॅनचा. परीक्षक दोघं होते, सर आणि बाहेरून आलेल्या बंदर खात्याच्या एक इंजिनियर बाई. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. सरांनी छापील अहवाल उघडला, नवीन चिकटवलेलं पान बघितलं आणि थोरलीकडे चष्म्यावरून पाहिलं.

"आधीचा आकडा चांगला होता की."

"तो फॅनचा होता, सर."

"कळलं केव्हा?"

"शुक्रवारी. शूटिंगसाठी फॅन बंद केला तेव्हा."

"आणि त्याआधी इतके महिने कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"नाही. फॅन मी लावत होते. सवयीने."

सरांनी पान उलटलं. त्यांना स्वतःचं 'जास्तच बरं' आठवलं असावं, पण ते त्यांनी काढलं नाही. बाईंनी मान वर केली. "तुमच्या या पाइपांत शिंपले बसतील. वर्षभरात तोंडं बुजतील. मग?"

"जाळी लावलीय," लंबू म्हणाला.

"जाळीवर आधी बसतील."

लंबूने थोरलीकडे बघितलं. बडबडीनेही. यावर त्यांनी विचार केला नव्हता. वेळच नव्हता, पण वेळ नव्हता हे उत्तर होत नाही.

"साफ करत राहावे लागतील," थोरली म्हणाली. "कुणीतरी नेमून. पाइप वर ओढून काढता येतील असे बसवायला हवेत. ते आमच्या चित्रात नाहीये. आणि ते बंद पडले, तर आखूड बाजू पहिल्यासारखी होईल. तसं आम्ही लिहायला हवं होतं."

"हवं होतं," बाई म्हणाल्या आणि काहीतरी लिहून घेतलं.

निकाल दुपारनंतर फळ्यावर लागला. त्यांच्या गटापुढे लिहिलं होतं, सुधारणांसह मंजूर. पाइपांच्या देखभालीचं प्रकरण जोडून अहवाल पुन्हा द्यायचा. खालच्या ओळीतल्या, सौरऊर्जेच्या पाट्यावाल्या गटाला त्यांच्यापेक्षा जास्त मार्क होते. लंबूने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, आपणही दोन झाडं लावायला हवी होती. बडबडी पायऱ्यांपर्यंत बोलत राहिली, पायऱ्यांवरून उतरताना बोलत राहिली, आणि फाटकापाशी थोरलीला एकदम घट्ट मिठी मारून, काही न बोलता, बसकडे पळाली.

थोरली घरी आली तेव्हा बाबा आईच्या खोलीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले होते. परीक्षणाहून ट्रे बडबडीच्या मामाच्या टेंपोने दुपारीच परत आला होता आणि तसाच जमिनीवर, शनिवारच्याच वर्तमानपत्रांवर ठेवला होता, मातीला भेगा पडायला लागलेल्या. खिडकी उघडी होती. फॅन बंद होता. शनिवारपासून बंदच होता.

"झालीस पास?"

"सुधारणा सांगितल्यात."

"म्हणजे पास."

"म्हणजे पास."

"मग उभी का? बस." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि तिच्यासाठी जागा करावी तसे उगाच खुर्चीवर सरकले. "हे तळं हलवायचं का आता?"

"राहू दे थोडे दिवस. पाइपांचं काम आहे अजून. ते वर ओढता यायला हवेत."

"वर ओढायचं काम असेल तर सांग."

ती दारातच होती. हात बटणाकडे गेला, नेहमीसारखा, आणि बटणावर थांबला. बाबांच्या सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती. त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं.

"लाव की," ते म्हणाले. "उकडतंय."

तिने फॅन लावला. ट्रेच्या कडेला पडलेले मातीचे बारीक कण वर्तमानपत्रावरून सरकत भिंतीशी गेले. ती ट्रेच्या बाजूला जमिनीवर बसली आणि पाय लांब केले.